एकेचाळीस शिव्या

हॅलो?... हो, हो, लांसाना जार्जूच बोलतोय. जरा थांबा, काजूच्या झाडाखाली येतो, रेंज तिथेच असते... हां, बोला ओबियाबाई. थेट मुख्यालयातून फोन, म्हणजे माझा आठवड्याचा फॉर्म पोचला वाटतं.

लाल?... आमचं गाव नकाशावर लाल? ते कशासाठी?... हो, एकेचाळीस मीच लिहिलंय. नव्या फॉर्मात विचारलंय ना, सीमेपलीकडच्यांनी अपशब्द वापरले का, किती वेळा. मी जुना मास्तर, मोजून लिहिलं... हो, सगळे पलीकडच्या गावातल्या लातीर फायनेच. 'गुलाम' तेवीस वेळा, 'भातखाऊ' सतरा, आणि एकदा बाजारात विकून टाकीन म्हणाला. गिऱ्हाईक मिळणार नाही हेही म्हणाला, पण त्याला फॉर्मात रकाना नव्हता.

छे, वैर कसलं?... अहो, ऐका ना. आम्ही जोला जमातीचे, ते सेरेर जमातीचे. थट्टेचे सोयरे. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि एकमेकांवर हात उचलायचा नाही... कागद? कागद कुठला असायला? माझा बाप गेला तेव्हा लातीरचा बाप जनाज्याच्या वाटेत आडवा पडला. म्हणाला, याच्या नाकाशी भाताचं पातेलं धरा, उठून बसेल. आणि सांगतो तुम्हाला, चादर हलली... वारा? त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

बरं, राहू दे चादर... आज बाराला हा नकाशा मांडणार? सगळ्या देशांच्या राजदूतांपुढे?... आणि मग जवान येणार. सीमा बंद.

ओबियाबाई, आता मी थट्टा करत नाहीये. आमच्या बायकांची भातखाचरं पलीकडे आहेत, लावणी ऐन रंगात आलीय. त्यांची गुरं आमच्या विहिरीवर पाणी पितात. मध्ये बंदुका उभ्या राहिल्या तर आठवड्याभरात खरंच डोकी फुटतील. भांडण पेटायच्या आधी ओळखायला या देशांच्या संघानं मला इथं बसवलंय, आणि काडी आपणच टाकायची?

मग घाबरायचं कधी?... हे चांगलं विचारलंत. शिव्या थांबल्या की घाबरायचं.

आजच्या किती?... आज... थांबा हं. सकाळी विहिरीवर भेटला. 'सलाम, जार्जूसाहेब' म्हणाला. बादली भरली आणि खाली मान घालून गेला... नाही हो बाई, यात बरं काही नाही. सत्तर वर्षांत त्यानं मला साहेब म्हटलेलं नाही.

काल?... तुमचा माणूस आला होता? त्याच्या दारात जीप? आणि काय सांगितलं त्याला?... सभ्य भाषा वापरा... जार्जू मास्तरांनी लिहून कळवलंय.

अरेरे. म्हणजे मी चहाडी केली असं धरून बसलाय तो.

किती वाजले तुमच्याकडे?... नाही, ठेवू नका फोन. समोरच आहे, गुरांना पाणी पाजतोय.

ए लातीर... ए माझ्या गुलामा. बाजरी खाऊन जीभ टाळ्याला चिकटली का?

...वर बघतसुद्धा नाही.

लातीर, चहाडी नव्हती रे ती. त्यांनी विचारलं, मी मोजलं. आणि तुझी लाज राखायला वाढवूनच लिहिलं. एका आठवड्यात एकेचाळीस शिव्या तुला सुचतील होय?

...

नाही बाई, वाढवलं-बिढवलं काही नाही, तुम्ही गप्प राहा जरा...

...

ऐकलंत?... नाही ऐकू आलं? मी सांगतो, शब्दाला शब्द. 'भातखाऊ, जन्मभर पोरांना गणित शिकवलंस आणि मोजता येत नाही. साठ होत्या.'... हो, हसतोय. गुरं तशीच सोडून इकडेच निघाला.

लिहून घ्या, बेचाळीस. आणि बारा वाजायच्या आत तो लाल रंग पुसा... हिरवा, हो.

ठेवतो आता. चुलीवर भात टाकलाय, आणि त्या बाजरीखाऊला वास लागलाय.