लेक आमची, सून त्यांची

फुटबॉलमधी सगळ्यात मोठं कोण, हा वाद माझ्यासमोर घालूच नका. आमची सुमनआत्या! शिरड शहापूरची लेक, राज्याच्या टीमची कॅप्टन होती. पण लग्न होऊन गेली आखाडा बाळापूरला, अन् तिथून दोन गावांचं भांडण लागलं. दोन्ही गावं म्हणायची, आमच्या पोरायला शिकवा. ती कोणालाच हो म्हणत नव्हती.

यंदा फायनलला हीच दोन गावं समोरासमोर. आमच्या बॅनरवर आत्याचा फोटो, खाली 'आमची लेक'. त्यांच्या बॅनरवर तोच फोटो, खाली 'आमची सून'. बक्षीस द्यायला आत्याच आलेली. आमी वरडलो, "आत्या, इकडं बस!" ते वरडले, "काकू, इकडं बसा!" आत्या खुर्ची घेऊन बराबर मधोमध बसली.

शेवटी शेवटी आमच्या विष्णूनं गोल मारला. बाळापूरवाले पंचाच्या अंगावर धावले, "ऑफसाइड हाय!" विष्णू छाती ठोकून म्हणला, "देवाशपथ न्हाई!" पंचानं गोल दिला. आमी जिंकलो, हलगी लावून नाचलो.

मग आत्यानं विष्णूच्या हातात कप दिला अन् माईक घेतला. "जिंकले त्यायला कप. अन् हारले त्या पोरायला उद्यापासून मी स्वतः शिकवणार."

आमची हलगी बंद. तिकडं बाळापूरवाले नाचून राहिले.

विष्णू कप घेऊन तसाच पंचाकडं पळाला. "सर, आता खरं सांगतो. त्यो गोल ऑफसाइडच होता!"