कडी लावलेला रविवार

...मंग काय करावं माणसानं, तुम्हीच सांगा! येशूच्या देवळाला लागून घर हाय ही काय माझी चूक? दर रविवारी उपासना सुटली की सगळी मंडळी आमच्या ओट्यावर. खेड्यापाड्यातून पायी आलेली, उन्हानं भाजलेली. "सोनूबाई, पाणी द्या वं जरा." पाण्यामागून च्या, च्यामागून भाकरी, भाकरीमागून कांदा... दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणावं?

त्यात ती चतुराबाई! तुम्हाला सांगते, ताट फुडं आलं की डोळे मिटून देवाचे आभार मानती आन एक डोळा किलकिला करून कोरड्यास बघती. "तिखट कमीच पडलं बरं का, सोनूबाई. पर प्रेमानं केलंय ना, चालतंय." चालतंय म्हणे!

मंग मागं एका रविवारी आमच्या बद्रीनाथ मास्तरांनी उपदेश केला. शाळा बी त्येच घेत्यात, उपासना बी. म्हणले, येशूच्या मागं केवढी गर्दी, पर तो बी गर्दी सोडून एकलाच डोंगरावर जायचा. वावराला बांध असतो तसा माणसाला बी असावा. होय तर होय म्हणावं, न्हाई तर न्हाई. माझ्या डोळ्याला पाणीच आलं. वाटलं, देव माझ्याशीच बोलून राह्यला.

कारण माझी लेक नंदा... बोर्डिंगातून शनिवारी सांजच्याला आल्ती, आन सोमवारच्या गाडीनं बदनापुरातून लांब जायची होती, नर्सचं काम शिकाया. परत कधी येईल देव जाणे. म्हंजे मला लेक मिळायची ती त्या एका रविवारी. ठरवलं, उपासना झाली की दाराला कडी. पोरीला तेल लावीन, वेणी घालीन, बोलत बसंन.

लावली कडी. वाटीत तेल घेतलं, नंदा फुड्यात बसली, अर्धं डोकं झालं न्हाई तर ओट्यावर कुजबुज. कुणी म्हणे सोनूबाईला ताप आला, कुणी म्हणे नवऱ्यासंगं भांडण. चतुराबाई म्हणली, "विश्वासातून घसरली, दुसरं काय." आता आमच्यातली रीत अशी, की माणूस घसरलं तर त्याला कुणी बोल लावत न्हाई, त्याच्या घरी प्रार्थनासभा घेत्यात! आन सभेला आलेल्याला उपाशी धाडायचं नसतं, ही बी रीतच. कडी वाजली. "सोनूबाई, उघडा, तुमच्यासाठीच आलोत." अहो, देवाच्या नावानं दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणावं?

सगळे आत. गाणी झाली, प्रार्थना झाल्या, माझ्या आत्म्यासाठी बाया रडल्या. नंदा तेलकट केस तसेच बांधून पीठ मळाया बसली. मी मास्तरांना हळूच म्हणलं, तुम्हीच तर बांधाचं सांगितलं ना? मास्तर म्हणले, "सांगितलं ते बराबरच हाय, बाई. पर मंडळी भुकेजलीय."

शेवटाला म्हणले, नंदानं प्रार्थना करावी. पोरगी उठली, पिठाचेच हात जोडले. "देवा, माझ्या आईला आज लोकांपासून मोकळी कर. मला तिच्याजवळ बसायचंय. उद्या मी चालले."

म्हणलं, आता तरी उठतील. सगळी मंडळी एका आवाजात म्हणली, "आमेन." चतुराबाई सगळ्यात मोठ्यानं. तिनं पदरानं डोळे पुसले, मांडी नीट घातली आन म्हणली, "लई गोड प्रार्थना केली पोरीनं. आता वाढा."

नंदा माझ्याकडं बघून राह्यली. हळूच म्हणली, "आई, बस ना गं." मी म्हणलं, "आत्ता न्हाई, नंदे."

आन वाढलं. सोमवारी गाडी गेली. दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणावं, अजून कळलं न्हाई मला... घरातल्या लेकीला मात्र बराबर म्हणता आलं.