घरीच असणाऱ्यांची ओळख

सन्माननीय अध्यक्ष महोदय, कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, कधीकाळी इथेच हेल्पर म्हणून लागलेले आणि आज सिन्नरला विजेची पॅनेलं बनवण्याचं स्वतःचं वर्कशॉप चालवणारे प्रमुख पाहुणे समाधानभाऊ खैरनार, युनियनची मंडळी, समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणी, बंधूंनो, आणि ज्यांच्या सेवापूर्तीसाठी आपण सगळे जमलो आहोत ते आमचे हे, नवनाथ देवरे.

निवृत्त होणाऱ्याच्या बायकोची आधी ओटी भरायची आणि मग तिच्या हातात माईक द्यायचा, ही आपल्याकडची पद्धत. आजवर समोरच्या खुर्चीत बसून मी कितीतरी जणींना ऐकलंय. 'यांनी कंपनीलाच घर मानलं' इथपर्यंत आलं की पदर डोळ्यांना लागतो आणि टाळ्या पडतात. मीसुद्धा तसंच काहीतरी पाठ करून आले होते. पण मघाशी आपले सूत्रसंचालक योगेशभाऊ यांनी आमच्या कुटुंबाची ओळख करून दिली आणि मी सगळं विसरले.

योगेशभाऊ म्हणाले, "चिरंजीव सार्थक, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, सध्या नोकरीच्या शोधात. कन्या तेजस्विनी, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, सध्या घरीच असते." योगेशभाऊ, खाली बघू नका. ही माहिती तुम्हाला यांनीच दिली असणार, आणि यांच्या मनातही काही वाईट नसणार. पण मंडळी, ही दोघं भावंडं अंबडला एकाच कंपनीत होती. त्यांचा विभाग बंद झाला तेव्हा एकाच दिवशी डबे घेऊन घरी आली. तेव्हापासून तो शोधात आहे आणि ती घरीच आहे. हे कसं झालं?

सार्थकला भेटलेला माणूस चहा संपायच्या आत कोणाचा तरी फोन नंबर देऊन जातो. तेजस्विनीलाही नंबर मिळतात, पण ते स्थळांचे. ती अर्ज करते, मुलाखतींना उन्हातान्हात हिंडते आणि संध्याकाळी येऊन पोळ्या लाटते. पाहुणे नेमके तेवढ्या वेळेला येतात. सार्थक, तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही बाळा. चारचौघांत 'अजून काही नाही का' असं विचारलं की तुझा चेहरा पडतो, तो मला बघवत नाही. पण तुझ्या बहिणीला ते कोणी विचारतच नाही, आणि तिचा चेहराही पडतो.

मला हे कसं कळतं? आता सांगायला हरकत नाही. नव्या लोकांना ठाऊक नसेल, मी पण याच कारखान्यात काम केलंय. देवळ्याहून मामांकडे एकलहऱ्याला राहायला आले, आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं आणि इथे ॲप्रेंटिस लागले. हे माझ्याच बॅचचे. आमची ओळख कुठे झाली हे यांनी आजवर तुम्हाला का सांगितलं नाही, ते त्यांनाच विचारा.

पॅनेलची वायरिंग हे माझं काम. प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबराची बारीक नळी चढवायची, वायरी सरळ रेषेत बांधायच्या आणि मग सप्लाय द्यायचा. दिवा लागला की पोटात कसं गार वाटायचं. तसं गार मला नंतर फार थोड्या गोष्टींनी वाटलं. नोकरीत कायम व्हायची वेळ आली तेव्हा आमचं लग्न ठरलं होतं. सासूबाई कळवणच्या, फार मायाळू बाई. त्या म्हणाल्या, "घरमा एक नोकरी शे, आते दुसरी कसाले?" माझे वडील म्हणाले, खरंच आहे. हे गप्प राहिले. कोणी भांडलं नाही, कोणी मला अडवलं नाही. फक्त यांचा डबा मी भरू लागले आणि माझा भरायचा राहिला.

मुलं मोठी झाल्यावर बघू, असं मी मनाशी म्हणत राहिले. आमच्या घरातले स्विचबोर्ड मी इतक्यांदा उघडलेत की त्यांचे स्क्रू गुळगुळीत झालेत. लग्नाला गेले की नवरीआधी मांडवातली वायर बघते. संध्याकाळी हे घरी आले की त्यांच्या शर्टाला वर्कशॉपचा वास यायचा, आणि तो शर्ट धुवायला टाकताना माझा जीव तुटायचा. मी बेकार आहे असं मला कधी कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर राग आला असता, पण मग कोणीतरी कामही शोधून दिलं असतं.

समाधानभाऊ, मघाशी चहाच्या वेळी तुम्ही सार्थकला म्हणालात, सोमवारी ये, एक जागा आहे. तुमचे उपकार. पण सोमवारी दोघं येतील. दोघांना वायरिंग करायला द्या आणि ज्याचं काम सरस त्याला ठेवा. यांना मी सगळ्यांदेखत विचारते, चालेल ना? मान हलवली त्यांनी. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, घरी गेल्यावर साक्षीला लागाल.

आणि समाधानभाऊ, त्या दोघांबरोबर मीही येणार आहे. नाही, सोबत म्हणून नाही. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मलाही एक पॅनेल द्या. यांची नोकरी आज पूर्ण झाली, तिचा मला अभिमान आहे. पण मला अजून काम हवंय. हसताय ना? हसा. मी मात्र गंमत करत नाही.

साडी सुरेख आहे, आपण सगळ्यांनी इतकं प्रेम दिलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर सांभाळून घ्या. माईकसमोर उभं राहायची मला सवय नाही. पॅनेलसमोर उभी करा, तिथे चुकणार नाही.

नमस्कार.