शेवटच्या सातभोवती

प्रज्ञा : रफिकचाचा, इथे हात कुणी लावला?

रफिक : कुठे?

प्रज्ञा : इंजिनाच्या पुढच्या या सपाट पट्टीवर. नंबर ठोकलाय तिथे.

रफिक : मीच. सकाळी पॉलिश पेपर मारला. गंज, ग्रीस, काय काय चढलं होतं. म्हटलं, आमची बाय कंपनीतर्फे तपासायला येतेय, तिला नंबर साफ दिसू दे. चमकतोय ना?

प्रज्ञा : चमकतोय. तेच वाईट झालं.

रफिक : तुझ्या बाबांची गाडी दहा वर्षं बघतोय मी. अशीच चमकवून देतो.

प्रज्ञा : बाबांची गाडी वेगळी. ही एकोणसत्तरची अमेरिकन. कारखान्यात ही पट्टी कापताना तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा उठतात, सगळ्या एका दिशेला. नंबर त्या रेघांवर ठोकतात. साधं इंजिन जास्त ताकदीचं म्हणून खपवायचं असलं, की लोक जुना नंबर घासतात आणि गाडीशी जुळणारा नवा ठोकतात. मग रेघा राहत नाहीत.

रफिक : आणि इथे?

प्रज्ञा : भिंगातून नुसते तुमच्या पेपरचे ओरखडे दिसतात.

रफिक : म्हणजे तू डुप्लिकेट लिहिणार?

प्रज्ञा : फॉर्ममध्ये रेघांचा रकाना आहे. तिथे ‘नाहीत’ लिहिलं, की गाडी विकत घेणारा तेच समजणार.

रफिक : थांब, बाय. अरबाबने, माझ्या मालकाने, ही अमेरिकेहून आणली तेव्हा इंजिन असली असल्याचा कागद होता. आता नकली निघालं, तर मधल्या मधे बदललं कुणी? गॅरेजची चावी माझ्याकडे. लाख दिरहमची गाडी, बावीस लाख रुपये झाले. तो म्हणेल, रफिक, असली इंजिन विकून खाल्लंस. पोलिसांना मी काय सांगू? साफ करत होतो?

प्रज्ञा : बसा आधी. पाणी घ्या.

रफिक : लिही ना तू, रेघा आहेत म्हणून. कोण बघतंय?

प्रज्ञा : दुसऱ्या कुणी भिंग लावलं तर दोघंही आत जाऊ. चाचा, एक विचारू?

रफिक : विचार.

प्रज्ञा : खरंच फक्त साफ केलंत?

रफिक : तूही?

प्रज्ञा : विचारावं लागतं.

रफिक : माझ्या लेकीची, झुबेदाची शपथ. फक्त साफ केलं.

प्रज्ञा : इंजिनाच्या मागे ओतकामातच उठवलेली तारीख गाडी बनली त्याच्या दोन आठवडे आधीची आहे, ती जुळते. पण त्या तारखेचं साधं इंजिनही कुणी शोधून आणू शकतो. पेपर कशाने मारलात? लाकडी ठोकळा लावून?

रफिक : अंगठ्याने.

प्रज्ञा : अगदी टोकापर्यंत?

रफिक : डायनमोच्या ब्रॅकेटखाली अंगठा जात नाही.

प्रज्ञा : ब्रॅकेट काढा.

रफिक : असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. गाडी घेणारे लोक नमाज झाला की येणार.

प्रज्ञा : मग लवकर काढा.

रफिक : यल्ला, चला. तो इंची पाना दे, मिलिमीटरचा बसत नाही याला... निघाला. खाली चिखलासारखं ग्रीस आहे. पुसू?

प्रज्ञा : तुम्ही कशालाच हात लावू नका. कापूस आणि थिनर द्या मला. टॉर्च तिरका धरा.

रफिक : दिसतंय काही?

प्रज्ञा : टॉर्च हलवू नका.

रफिक : अजून तिरका करू, बाय?

प्रज्ञा : बस, एवढाच. हा शेवटचा सात. अर्धा चकचकीत, अर्धा काळा. काळ्या अर्ध्याभोवती... आहेत.

रफिक : काय आहेत?

प्रज्ञा : रेघा. सातच्या दांड्यापर्यंत येतात, तिथे तुटतात, पलीकडे पुन्हा त्याच ओळीत सुरू होतात. म्हणजे सात रेघांवरच ठोकलाय. नंबर नवा असता तर या कोपऱ्यातल्याही रेघा गेल्या असत्या.

रफिक : असली आहे?

प्रज्ञा : असली आहे. फोटो काढते. आणि लिहिते, बाकीच्या रेघा सफाईत गेल्या.

रफिक : सफाई कुणी केली, तेही लिहिणार?

प्रज्ञा : लिहावं लागेल. नाहीतर कोपराच तेवढा का उरला, असं विचारतील.

रफिक : अरबाब हाकलेल मला.

प्रज्ञा : हाकलेल कदाचित. पण चोर म्हणू शकणार नाही.

रफिक : लिही मग. गाडीचा आवाज येतोय, आधी माझं नाव लिही.

प्रज्ञा : पासपोर्टवर पूर्ण नाव कसं आहे?

रफिक : अरबाबच्या कपाटात आहे तो. सहा वर्षं बघितला नाही.