रान कुणाचं?

चिंचवड स्टेशनात तिकिटाच्या रांगेत सरुबाई उभी होती. पुढं ज्योतीराम अन् गेनू, दोघं बांधशेजारी, कुजबुजत होते. तिनं कान टवकारले. ज्योतीराम सांगत होता,

“काल माझ्या रानात एक गोरा शिरला. मोटेचा फोटू काढला.”

“अन् कशाला?”

“दुभाष्या म्हनला, कार्ल्याची लेणी बघाय निघालेत. आता असले पाव्हणे लई येणार.”

“दगड बघाय सातासमुद्रापल्याडनं? पटतं तुला?”

“न्हाई बा. कारखान्यापायी जमिनी गेल्या, तवा बी आधी असंच बघून गेले व्हते.”

“मग?”

“दुभाष्यानं इचारलं, रान कुणाचं? मी खरं सांगतोय व्हय!”

“ब्येस केलंस. कुणाचं म्हनून सांगितलंस?”

ज्योतीराम खिडकीकडं सरकला.

“तुझं. दुसरा बांधशेजारी हाय कोण मला?”