पोटातली जाळी

(दौंड, २००७. कुरकुंभच्या कंपनीत कामाला असलेल्या सोपानचं घर. थोरली बहीण साखरबाई शिरूरहून आली आहे.)

साखरबाई : झाक ते. बघितलं म्या. नारळाएवढं झालंय.

सोपान : खोकलो की अजून वर येतं, आक्का. हर्निया म्हणतात.

साखरबाई : नाव न्हाई इचारलं. कशानं झालं?

सोपान : किडनी बसवली, त्याच जागी. आतली शिवण सुटली.

साखरबाई : आपोआप?

सोपान : दादा सरपंच झाला त्या दिवशी... सगळे नाचत होते. मी त्याला खांद्यावर घेतला.

साखरबाई : डॉक्टरनी किती उचलायला सांगितलं व्हतं?

सोपान : पाच किलो.

साखरबाई : आन् जयसिंग किती भरंल?

सोपान : सख्खा भाऊ आहे, आक्का.

साखरबाई : व्हय. रक्तगटबी त्याचाच आधी जुळला व्हता. तवा ऊसतोडीची टोळी आली म्हणून दवाखान्याच्या पायरीवरनं माघारी फिरला. टेबलावर मी झोपले. सासू अजून मला ‘अर्धी’ म्हणून हाक मारती.

सोपान : मी विसरलो नाही.

साखरबाई : गुलाल लागला की इसरतंय माणूस. आता डॉक्टर काय म्हणतो?

सोपान : ऑपरेशन करून आतून जाळी लावायची. एक असते प्लॅस्टिकची. दुसरी जनावराच्या कातडीची.

साखरबाई : कुठल्या जनावराच्या?

सोपान : डुकराच्या. पेशी सगळ्या धुऊन काढतात, नुसती वीण उरते. मग आपलंच मांस त्यात भरत जातं.

साखरबाई : मग अडलंय कुठं?

सोपान : मी प्लॅस्टिकची सांगितलीय.

साखरबाई : डॉक्टर व्हय म्हणला?

सोपान : नाही. वरची कातडी चिघळलीय. किडनी अंगाला मानवावी म्हणून गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद दाबून ठेवलेली. प्लॅस्टिकला पू धरला तर हटत नाही. मग गोळ्या कमी कराव्या लागतात, आणि त्या कमी केल्या की किडनी...

साखरबाई : कुणाची?

सोपान : तुझी.

साखरबाई : आन् हे ठाऊक असून?

सोपान : दादा म्हणाला, सरपंचाच्या घरात डुकराचं कातडं नको. गावात कळलं तर पंगतीला शेजारी कुणी बसणार नाही.

साखरबाई : तवाबी त्याचं काय गेलं न्हाई, आताबी न्हाई.

सोपान : तुला गाव माहीत आहे, आक्का.

साखरबाई : त्या डुकराला कुणी इचारलं नसंल, सोपाना. मला इचारलं व्हतं. मी व्हय म्हणले. माघारी मागायची सोय असती, तर आज मागून नेली असती.

सोपान : असं बोलू नकोस.

साखरबाई : ऑपरेशनच्या सहीचा कागद कुठाय?

सोपान : टीव्हीवर.

साखरबाई : आण. कातडीची लिही आन् सही कर. माझ्यादेखत.

सोपान : दादा दवाखान्यात भेटायला येईल. त्याला काय सांगू?

साखरबाई : काय बी सांग. पर तो आला म्हणून उठू नगंस.