तिसरी पायरी

एक्स-रेच्या रांगेत शिवणवाल्या काकू दुखरा गुडघा कुरवाळत बसल्या होत्या. शेजारी हात गळ्यात बांधलेल्या मुलीची आई आणि मुलीच्या सरकारी शाळेचे हेडक्लार्क यांची जुंपली, तशा काकू गुडघा विसरल्या.

"तिसरी पायरी डुगडुगते, हे शाळेला माहीत नव्हतं?"

"होतं ना. वर्षभर फाइल फिरतेय."

"आणि माझ्या भरपाईच्या अर्जावर शेरा काय मारलात? 'विद्यार्थिनीने खाली बघून चालावे'!"

"ताई, शाळा सरकारी. सरकारवर दावा चालत नाही. नियमच आहे तसा."

"नियम घाला चुलीत! पायरी कधी बसवताय?"

"आधी पाहणी हवी. परवा मीच गेलो होतो पाहणीला."

"मग?"

"मग काय? हा बघा घोटा. भोपळा झालाय नुसता."

काकूंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्याला पुढे सोडलं.

"अगंबाई!" मुलीची आई म्हणाली. "मग तुम्ही तरी भरपाई मागा."

"मागितली की. त्याच दिवशी अर्ज टाकला."

"कोणाकडे?"

"असले अर्ज माझ्याच टेबलावर येतात."

"मग? झाला मंजूर?"

"छे हो! 'अर्जदाराने खाली बघून चालावे.'"